लहानग्यांचं दूध, पेज, पाणी आणि विमानतळावरची तपासणी : आपापले अनुभव लिहा

मे महिना सरत आला की गावी आलेली मंडळी परतायला लागतात, गणपती झाले की पुन्हा तेच. दोन्ही वेळा कडेवर मूल असलेल्या आयांचा प्रश्न ठरलेला : पोराचं दूध आत नेऊ देतील ना? पूर्वी आपल्या कोकणातून विमान म्हणजे गोव्याचं दाबोळी, नाहीतर थेट मुंबई. ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गात चिपी विमानतळ सुरू झालं, जानेवारी २०२३ पासून गोव्यातलं मोपा. आता घरटी कोणीतरी लहान मूल घेऊन विमानाने जातं, म्हणून हा धागा.

आधी नियमाचं थोडं. हातातल्या सामानातल्या पातळ पदार्थांवर १०० मिलीची अट आली ती ऑगस्ट २००६ नंतर. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत न्यायचा कट ब्रिटनच्या पोलिसांनी उधळला आणि सगळीकडे पातळ पदार्थांवर नजर आली. आपल्याकडे ही अट परदेशी जाणाऱ्या विमानांना कडक लागते. देशातल्या देशात पाण्याची बाटली सहसा नेऊ देतात, फार तर घोटभर पिऊन दाखवायला सांगतात. बाळाचं दूध आणि बाळाचं खाणं मात्र दोन्हीकडे १०० मिलीच्या वर नेता येतं, प्रवासाला पुरेल इतकं. ही सवलत मुलांसाठीच ठेवलेली आहे, तेव्हा ती मागताना कोणी संकोच करू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही काय नेलं, कुठे थांबवलं, काय सांगितल्यावर सोडलं, ते सविस्तर लिहा.

सावंतवाडीहून, दीड वर्षाच्या मुलीची आई

गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली की मोपा जवळच, त्यामुळे आम्ही बेंगळुरूला तिथूनच जातो. मुलगी दूध कमी पिते, तिला नाचणीच्या सत्त्वाची पातळ पेज लागते. निघताना सासूबाई विचारणारच, "पोराक वाटेत भूक लागली तर काय करतलस?" आणि उत्तराची वाट न बघता पेज गाळून स्टीलच्या थर्मासात भरलेली असते.

थर्मास बॅगेच्या तळाशी असला की बॅग बाजूला निघालीच म्हणून समजा. स्टीलच्या आतलं यंत्रात नीट दिसत नाही. मी थर्मास, वाटी-चमचा आणि तिची पाण्याची बाटली एका कापडी पिशवीत ठेवते, ती पिशवी वेगळ्या ट्रेमध्ये, आणि ट्रे पट्ट्यावर सरकवायच्या आधीच सांगते की पोरीची पेज आहे, गरम आहे. मागे तपासणीवरच्या एका सीआयएसएफच्या (केंद्रीय सुरक्षा दलाच्या) ताईंनी झाकण उघडायला लावलं. तुपाचा वास दरवळला. आतलं तपकिरी बघून त्यांनी "ये क्या है?" विचारलं. "रागी, बच्ची का खाना," म्हटलं, दोन चमचे स्वतः खाल्ले, त्यांनी मान हलवली. मुलीने तोपर्यंत हात पुढे केला होता, म्हणून तिलाही तिथेच एक चमचा दिला.

पेज घट्ट करू नका. तिखटमीठ, लोणचं वगैरे त्या पिशवीत अजिबात नको. पिशवी बघताक्षणी लहान मुलाची वाटली पाहिजे.

रत्नागिरीहून, दोन वर्षांच्या मुलाचे बाबा

आमच्याकडचा खरा प्रश्न विमानतळाच्या आधी सुरू होतो. रात्रीच्या कोकणकन्येने ठाण्याला उतरा नाहीतर गाडीने कशेडी घाट करत मुंबई गाठा, घरून तापवून घेतलेलं दूध मे महिन्यात तिथवर टिकत नाही. नासलेलं दूध तपासणीतून सुटलं तरी त्याचं करायचं काय? त्यामुळे साधं दूध नेणं आम्ही बंदच केलं. २०० मिलीचे टेट्रापॅक नेतो, न उघडलेले. फोडेपर्यंत फ्रीज लागत नाही, फोडला की एका बैठकीत संपतो, उरवायचा प्रश्न नाही.

देशातल्या विमानाला ते कधी अडले नाहीत. मस्कतला जाताना विचारलं. मुलगा कडेवर होता, "ह्याचंच दूध," म्हटलं, पॅक हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि दिले परत. मात्र वाटेच्या मानाने मोजकेच होते. पंधरा-वीस पॅक घेऊन गेलात तर कोणीही विचारेल, आणि विचारावंच.

पाण्याची बाटली रिकामी नेतो आणि तपासणी झाल्यावर आतल्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरतो. पावडरीच्या दुधाला कोमट पाणी लागत असेल तर कॉफीच्या दुकानात मागा. लहान मुलासाठी म्हटलं की आम्हाला नेहमी मिळालं आहे.

अलिबागहून एक आई

छोटीशीच गोष्ट, पण कोणी सांगत नाही. आपल्याकडे बाई-पुरुषांच्या अंगझडतीच्या रांगा वेगळ्या. मूल बाबांकडे आणि दूध आईच्या पिशवीत असं झालं की तिकडे "बच्चा कहाँ है?" सुरू होतं. ज्याच्याकडे मूल, त्याच्याकडेच दूध, हे गाडीतून उतरतानाच ठरवून टाका.

श्रीवर्धनहून, मुलांचे वडील कुवेतला

आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या मुलांचे वडील आखातात, त्यामुळे एकट्या बाईने दोन पोरं घेऊन जाणं यात नवल नाही. थेट विमान मिळालं तर घ्या. मधे विमान बदलायचं असेल तर तिथे पुन्हा तपासणी होऊ शकते, आणि मुंबईला आत घेतलेलं पाणी तिथे काढून घेतात. दुकानातलं सीलबंद असलं तरी.

मागच्या खेपेला अशाच एका मधल्या विमानतळावर (नाव लिहीत नाही) कर्मचाऱ्याने दुधाची बाटलीही डब्यात टाकायला सांगितली. मुलगी रडत होती, मागे रांग खोळंबलेली. मी आवाज न चढवता म्हटलं, मूल हे, दूध तिचं, आधी तुमच्या साहेबांना बोलवा. साहेब आले. बाटलीचं झाकण उघडून तोंडाजवळ एक पट्टी धरली, ती यंत्रात घातली, दोन मिनिटांत दूध परत दिलं. पाणी गेलं ते गेलंच. बायांनो, अशा वेळी घाबरून स्वतःच्या हाताने बाटली टाकू नका. वरिष्ठांना बोलवा म्हणणं हा आपला हक्क आहे.

*धागाकर्ती :* कोकम सरबताबद्दल बऱ्याच जणी विचारत आहेत. परदेशच्या विमानाला सरबत दुधाच्या सवलतीत बसेल या भरवशावर राहू नका. आगळ (कोकमाचा खारट रस) आणि अमृत कोकम (साखरेतला पाक) नीट बांधून मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत आमसुलं आणि खडीसाखर ठेवा, आत पाणी मिळालं की भिजवा, मुलाच्या पेल्यापुरतं होतं. आणि आजीने प्रेमाने दिलेलं सुकं खोबरं घरीच राहू दे. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्या ते हातातल्या सामानातही घेत नाहीत आणि मोठ्या बॅगेतही नाही.

गुहागरहून, नातीला आणायला अमेरिकेला गेलेली आजी

परत येताना लेक आणि नात सोबत होत्या. तिथले नियम मला आवडले, कारण ते स्पष्ट लिहिलेले आहेत. आईचं दूध, पावडरीचं दूध, रांगत्या-चालत्या मुलांची पेयं, फळांचा गर, सगळं १०० मिलीच्या वर चालतं. बाकीच्या पातळ पदार्थांसाठी असते त्या लहान पारदर्शक पिशवीत कोंबावं लागत नाही. थंड ठेवायची बर्फाची पाकिटंही चालतात. काढलेलं दूध नेताना मूल सोबत असलंच पाहिजे असंही नाही. फक्त सुरुवातीलाच सांगायचं आणि बाहेर काढून ठेवायचं. बाटली उघडू नका असं आपण म्हणू शकतो. मग आपलीच तपासणी थोडी जास्त होते, लेकीने ते खुशीने पत्करलं.

जाताना मात्र नाचणी सत्त्वाचा मोठा डबा हातात घेऊ नका. अमेरिकेच्या विमानांत ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असली की वेगळी तपासणी करतात. बाळाच्या दुधाची पावडर त्यातून सुटते, सत्त्वाबद्दल तिथे कोणाला समजावत बसणार? वाटेपुरतं लहान डबीत, बाकीचं मोठ्या बॅगेत.

देवगडहून, सध्या लंडन

इथे मुलाच्या दुधाला एका भांड्याला २ लिटरपर्यंत मुभा आहे. गाईचं दूध आणि उकळून घेतलेलं पाणीही चालतं, पाणी मात्र बाळाच्या बाटलीतच हवं. गोठवलेलं आईचं दूध हातातल्या सामानात चालत नाही, हे बर्फ करून नेणाऱ्यांनी नीट वाचा.

कुडाळहून, बालरुग्ण विभागातली परिचारिका

तपासणीतून काय सुटतं याइतकंच पोटात काय जातं हे बघा, म्हणून लिहिते. काढलेलं आईचं दूध साध्या हवेत साधारण ४ तास, आपल्या उकाड्यात त्याहून कमीच धरा. पावडरीचं दूध बाळाने एकदा तोंड लावलं की तासाभरात संपवा, उरलेलं ओता. भाताची पेज निम्मी गार झालेली घेऊ नका. एकतर कडकडीत गरम थर्मासात, नाहीतर नकोच. वर्षाच्या आतल्या बाळाला गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नका, मध तर अजिबात नाही.

आणि सगळं दूध रांगेतच पाजून संपवू नका. विमान चढताना, विशेषतः उतरताना, कानात दडे बसतात. त्या वेळी मूल काहीतरी गिळत राहिलं की कान मोकळे होतात. उतरायला लागल्याची घोषणा झाली की बाटली, पेला किंवा अंगावरचं दूध, जे चालत असेल ते द्या. झोपलेलं असेल तर हळूच उठवा. पुष्कळ आया मूल झोपलंय म्हणून थांबतात आणि चाकं टेकायच्या वेळी ते कळवळून रडतं.

वेंगुर्ल्याहून

शहाळ्याचं पाणी नेलंय का कोणी? माझा मुलगा दुसरं काही पीतच नाही.

*धागाकर्ती :* देशातल्या विमानाला आम्ही मुलाच्या बाटलीत नेलं आहे. घोटभर पिऊन दाखवायला सांगितलं, बाकी काही नाही. पण शहाळं फोडल्यावर ते लवकर आंबतं, तेव्हा घरी न फोडता वाटेत गाडी थांबवून ताजं भरून घ्या आणि विमानात बसल्याबरोबर द्या. परदेशी जात असाल तर तपासणीच्या आधी बाहेरच पाजा, आत दूध न्या. तुमचं विमान कुठलं आहे?