पाचही स्वर असलेले शब्द

इंग्रजीतले पाचही स्वर असलेले शब्द कोणते, तर एज्युकेशन आणि इक्वेशन ही नेहमीची उदाहरणं. पाचही स्वर, तेही ए-ई-आय-ओ-यू याच क्रमाने हवे असतील तर फसीशस (facetious) आणि ॲबस्टीमियस (abstemious). फसीशसला शेवटी 'ली' जोडलं की वायसुद्धा रांगेत येतो. उलट्या क्रमाचा शब्द तर आपल्या घरचाच: सबकॉन्टिनेन्टल. यू, ओ, आय, ई, ए, प्रत्येक एकदाच. लिहून बघा, मजा येते.

ठरावीक अक्षरं असलेले शब्द हाताने शोधत बसण्यापेक्षा मॅकचं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, वापरा. त्यात शब्दांची एक साधी फाइल आधीपासूनच असते, सव्वादोन लाखांहून जास्त शब्दांची. त्यावर ग्रेप (grep, दिलेलं अक्षर असलेल्या ओळी शोधणारी आज्ञा) चालवायचा: आधी एका अक्षराचा, मग पाइप (एका आज्ञेचा निकाल पुढच्या आज्ञेला देणारं | हे चिन्ह) लावून दुसऱ्याचा, असं करत जायचं. क्रम कुठलाही चालतो, पण मी क्यू किंवा झेडसारखं दुर्मीळ अक्षर आधी घेतो. यादी लगेच आटोक्यात येते. मात्र ही यादी १९३४च्या वेबस्टर कोशावरून केलेली आहे. त्यामुळे कुणी ऐकलेही नसतील असे शब्द त्यात ढीगभर, आणि 'ब्लॉग' शोधाल तर सापडायचा नाही. अनेकवचनंही बहुतेक गायब.

'ही अक्षरं असलेले' आणि 'फक्त हीच अक्षरं असलेले' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. दुसऱ्यासाठी प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमे लावून ठेवायची. लिसन आणि सायलेंट दोन्हींचं ई-आय-एल-एन-एस-टी होतं, की जोडी सापडली!