विक्री आणि परतावा एकाच रिपोर्टमध्ये घेतले की बेरीज फुगते

आकडेमोड:
आमच्याकडे ओबीआयईई (ऑरॅकलचं रिपोर्टिंग टूल) आहे. विक्रीचा सब्जेक्ट एरिया (रिपोर्टसाठी निवडायच्या कॉलमांचा गट) वेगळा, परत आलेल्या मालाचा वेगळा. साहेबांना दोन्ही एकाच तक्त्यात हवेत, महिना आणि प्रॉडक्टप्रमाणे. टूलमध्ये जमेना म्हणून थेट डेटाबेसवर क्वेरी लिहिली आणि दोन्ही फॅक्ट टेबलं (व्यवहारांच्या रकमा असलेली) बिल नंबरावर जोडली. विक्री भलतीच वाढली. डिस्टिंक्ट (सारख्या नोंदी एकदाच धरणारं) लावलं, तर काही महिने जुळले आणि काही खऱ्यापेक्षा कमी भरले. दोन दिवस याच्यातच गेलेत.

रात्रपाळी:
सगळा डेटा बाजूला ठेवा, एकच बिल घ्या. विक्रीच्या तीन ओळी: ५००, ३००, २००. परताव्याच्या दोन: १०० आणि ५०. बिल नंबरावर जोडलंत की तीन गुणिले दोन, सहा ओळी. विक्री १००० ची २००० होते, परतावा १५० चा ४५०. म्हणजे परतावाही फुगलाय, फक्त आकडा लहान म्हणून तुमच्या नजरेत आला नाही. आणि डिस्टिंक्ट म्हणजे मलमपट्टी. सारख्या रकमेच्या दोन खऱ्या ओळी असल्या की त्यातली एक तो गिळतो.

आधी दोन्हीकडे स्वतंत्रपणे महिना आणि प्रॉडक्टवर ग्रुप बाय करा, म्हणजे गटवार बेरीज काढा, मग ते दोन निकाल जोडा. डेटा वेअरहाउसवर पुस्तकं लिहिणारा राल्फ किंबॉल यालाच ड्रिल अक्रॉस म्हणतो. जॉइन फुल आउटर हवा, म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्या ओळी राहतात. लेफ्ट (फक्त विक्रीकडच्या सगळ्या ओळी ठेवणारा) लावलात तर ज्या प्रॉडक्टची या महिन्यात विक्रीच नाही पण जुना माल परत आलाय, तो गायब. (मी हे ऑडिटच्या आदल्या रात्री शिकलो.)

जुनाखांब:
टूलमध्येही होतं. अनॅलिसिसमध्ये (टूलमधल्या रिपोर्टमध्ये) दुसरा सब्जेक्ट एरिया ॲड करा. दोन्ही एकाच बिझनेस मॉडेलमधले हवेत आणि कॉलम सामाईक डायमेन्शनमधलेच (महिना, प्रॉडक्ट अशा वर्गवारीतले) घ्या. 'परताव्याचं कारण' ओढलंत की विक्री रिकामी दिसेल, कारण विक्रीचा त्या डायमेन्शनशी संबंधच नाही. आरपीडी (टूलच्या मॉडेलची फाइल) सांभाळणाऱ्याला सांगून विक्रीच्या मेजरची (बेरीज होणाऱ्या आकड्याची) लेव्हल त्या डायमेन्शनपुरती टोटल करून घ्या. मग प्रत्येक कारणासमोर तोच विक्रीचा आकडा येईल. कुणी एक्सेलमध्ये नेऊन त्याची बेरीज मारली, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आकडेमोड:
ग्रुप बाय करून जोडलं, एकूण बेरीज जुळली. पण एका प्रॉडक्टचा मार्चचा परतावा विक्रीपेक्षा जास्त दिसतोय!

रात्रपाळी:
महिना कोणत्या तारखेवरून काढलात? माल परत आला त्या, की मूळ बिलाच्या?

आकडेमोड:
परत आला त्या. अच्छा, म्हणजे जानेवारीत विकलेला माल मार्चमध्ये परत आलाय.

रात्रपाळी:
मग आकडा बरोबरच आहे. यातली कुठली तारीख हवी ते साहेबांना विचारा, आणि उत्तर मेलवर घ्या.