विषय: पद्मिनी सेल्फ घेते पण पकडत नाही (टिळकवाडी), तातडीचं

मस्कत, मूळ टिळकवाडी
नमस्कार मंडळी,
बाबांची पद्मिनी (जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार) परवापासून बंद. सेल्फ (स्टार्टर) खणखणीत, इंजिन फिरतं, पण एकदाही पकडत नाही, म्हणजे चालू होत नाही. प्लग नवे, टाकीत पेट्रोल आहे. मिस्त्री म्हणतो कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) गेली, नवी घाला. रविवारी काकूंना चंदगडला न्यायचं आहे आणि बाबा दुसऱ्याच्या गाडीत बसत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. शेडमध्ये पुतण्या आहे, फोनवर सांगेन तसं करेल. खानापूरच्या काकांनी बघावं.

खानापूर
अरे, कॉइल घेऊ नका अजून. आधी बॅटरी: सेल्फ मारताना मीटरवर साधारण 9.6 व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मग डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटर, प्लगना करंट वाटणारा) कॅपमधली मधली जाड वायर काढा, तिचं टोक इंजिनच्या ब्लॉकपासून 5-6 मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारा. धरायचं कोरड्या लाकडी चिमट्याने, हाताने नको. निळा, कडकडीत करंट (ठिणगी) आला तर कॉइल ठीक, दोष पुढे कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा), वायरमध्ये. आला नाही तर 12 व्होल्ट 5 वॅटचा दिवा घ्या. एक टोक अर्थला (गाडीच्या धातूला), दुसरं कॉइलवर डेल्कोची वायर लागते त्या टोकाला. चावी ऑन करून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट (डेल्कोतले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडझाप करतायत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट टेकत नाहीत किंवा डेल्कोची वायर तुटली. सतत विझलेला असेल तर आधी कॉइलच्या चावीकडच्या टोकाला 12 व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर डेल्कोची वायर सोडून परत दिवा लावा. आता पेटला तर कॉइलचं आतलं वेटोळं धड आहे, डेल्कोतच कुठेतरी अर्थ होतंय.
चावी उगाच ऑन ठेवून गप्पा मारू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून खरंच जाईल.

निपाणी
काकांनी कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबा) सोडला की! पावसात निम्मी दुखणी तिथेच. तो अर्थ झाला तर करंट शून्य. आतून सुटला तर पॉइंटमध्ये मोठी ठिणगी आणि बाहेर पिवळा, मेलेला करंट. साधारण 0.2 ते 0.25 मायक्रोफॅरडचा असतो, कॉइलच्या मानाने किरकोळ किंमत. आधी तोच बदला.

खानापूर
सोडला नाही. दिवा विझलेला राहिला तर कंडेन्सरची वायर सोडून बघायची, लुकलुकला तर तो दोषी. न तपासता बदलायचं तर मिस्त्री काय वाईट आहे?

शारजा, मूळ शहापूर
पॉइंट घासायला पॉलिश पेपर घेऊ नका. त्याची भुकटी दोन पॉइंटच्या मध्ये रुतून बसते आणि आठवड्यात परत तीच तक्रार. बारीक पॉइंट फाइल फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कागद मध्ये धरून ओढा. शेवटी कोरडा कागद.

चिकोडी
आणि पेट्रोल? 20 टक्के इथेनॉल आहे हल्ली. ऊस आपला, कारखाने आपले, कबूल, पण जुन्या गाडीचं रबर ते सोसत नाही. पाणीही ओढतं.

निपाणी
इथेनॉलचा धागा वेगळा काढा हो. मागच्या दिवाळीत यावरून काय झालं ते लक्षात आहे.

मस्कत, मूळ टिळकवाडी
काका, दिवा सतत पेटलेला राहिला. बॅटरी ठीक. पुतण्याने कॅप काढली, पॉइंटवर पांढरट बुरा होता. कागदाने पुसला, दिवा लुकलुकायला लागला, मधल्या वायरला निळा करंट आला. पण प्लगला नाही! कॅप आतून ओली, पुसली तरी तेच.

खानापूर
म्हणजे कॉइल निर्दोष, कंडेन्सरही धड. निपाणीकरांनी वाचावं. कॅप उजेडात तिरकी धरा. आत दोन पितळी टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसेल. ओलीमुळे करंट तिथून पळतो, वाट जळून कोळसा होतो, आणि कोळशातून करंट जातोच, कितीही पुसा. मधला कोळशाचा दांडा दाबून बघा, स्प्रिंगने वर आला पाहिजे. रोटरवरही मधली वायर धरून सेल्फ मारा. ठिणगी रोटरवर उडाली तर तोही फुटलेला.

मस्कत, मूळ टिळकवाडी
रेघ आहे!! एक आणि तीनच्या मध्ये. रोटर ठीक. कॅप कुठे मिळेल?

शारजा, मूळ शहापूर
गाडीचं वर्ष सांगून मागू नका, जुनी कॅपच हातात घेऊन जा. क्लिपची जागा जुळली पाहिजे.

खानापूर
आणि कॅप बदलताना एकेक वायर काढून त्याच जागी घाला, ठिणगीचा क्रम 1-3-4-2. सगळ्या एकदम काढल्या तर रविवार गेला. पॉइंट पुसलेत तर गॅपही बघा: टॉप गिअरला टाकून गाडी हळू ढकला, पॉइंट पूर्ण उघडले की 0.45 मिलिमीटरचं पातं किंचित अडकत सरकलं पाहिजे. गॅप बदलला तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) परत बघायचं.

मस्कत, मूळ टिळकवाडी
कॅप बदलली, दुसऱ्या सेल्फला पकडली. पुतण्याने आवाज फोनवर ऐकवला. बाबा नजरेनेच म्हणतात गॅप 0.45 पेक्षा 'थोडा सैल' वाटतो, पण फिलर गेज (गॅप मोजायची पाती) घरात नाही. तो मंडळाचा कुणाकडे आहे?

चिकोडी
निपाणीकरांकडे. दोन वर्षं झाली.