मदत हवी आहे: रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा बुडतो

एडिसनकर: मुलगी ख्याल गाते. अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जासोबत आर्ट्स सप्लिमेंट, म्हणजे कलेचा नमुना, द्यायचंय. फोनवर चारदा रेकॉर्ड केलं. ती गायला लागली की तानपुरा बुडतो, थांबली की वर येतो. स्लाइडरूमवर (कॉलेजं असे नमुने घेतात ती वेबसाइट) फाइल टाकायची आहे, वेळ अजिबात नाही. कुठला माइक घेऊ?

पेटीवाला: माइकचं नंतर. कॉलेजं कुठली? किती मिनिटं मागितलीत? तानपुरा खरा की ॲपवरचा?

एडिसनकर: दोन खाजगी आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया). मेजर, म्हणजे मुख्य विषय, बायॉलॉजी. पाच मिनिटं. ॲप त्याच फोनवर वाजतं.

खर्जातला_सा: मग दोष तिथेच आहे. फोनचं रेकॉर्डिंग बोलण्यासाठी बेतलेलं असतं. तानपुऱ्याचा अखंड सूर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि तो कापला जातो. त्यात ऑटो गेन, म्हणजे फोन आवाजाची पातळी आपोआप बदलतो; ती चढली की बाकी सगळं खाली. तानपुरा वेगळ्या स्पीकरवर लावा, तिच्या मागे. समोर तीनेक फुटांवर साधा हँडी रेकॉर्डर (हातात मावणारा), ऑटो लेव्हल बंद, वेव्ह (WAV) फाइल. आधी तिला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, पूर्ण जोरात लावायला सांगा. रेकॉर्डरवरचा आवाजाच्या पातळीचा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये. एसी बंद, खाली सतरंजी.

माहीतगार: यूसीच्या सर्वसाधारण अर्जाला रेकॉर्डिंग जोडताच येत नाही. कलेच्या काही मेजरना मागतात, बायॉलॉजीला नाही. तिथे उपक्रमांच्या रकान्यात लिहा.

विलंबित: बडा ख्यालच द्या, संथ लयीतला. तयारी त्यातच दिसते.

पेटीवाला: पाच मिनिटांत? विलंबित एकतालाची मात्रा ४ सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं. सहा आवर्तनांत राग उभा राहायच्या आत वेळ संपेल. अर्धा मिनिट आलाप आणि लगेच मध्यलय तीनताल.

विलंबित: नुसत्या ताना ऐकून गळा कळतो, गाणं नाही.

खर्जातला_सा: दोघांचंही साधेल. मध्यलयीतच बढत करा, म्हणजे राग हळूहळू उलगडा, ताना शेवटच्या मिनिटात. माहितीच्या चौकटीत राग, ताल आणि कितव्या मिनिटापासून उपज (गाताना ऐनवेळी सुचलेलं) आहे ते लिहाच. नाहीतर ऐकणारा पाश्चात्त्य संगीतातला असेल तर सगळं पाठ केलेलं आहे असं समजेल.

घुंगरू: भरतनाट्यमला कॅमेरा स्थिर हवा, पावलं चौकटीबाहेर जाऊ देऊ नका.

एडिसनकर: नाच नाहीये हो. तबला त्याच रेकॉर्डरवर घ्यायचा का?

खर्जातला_सा: हो, पण तबला तिच्यापेक्षा दोन फूट मागे, नाहीतर बायाँ (डग्गा) शब्द गिळतो. काटछाट नको, एकसलग घ्या. आणि सप्लिमेंटची तारीख आजच बघा. काही ठिकाणी ती अर्जाच्या आधीची असते.