इटली दुसऱ्यांदा, पण रोम-व्हेनिस वगळून. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन इटलीला जायचं ठरतंय. रोमला उतरायचं, बोलोन्याहून परतायचं, मधे नऊ दिवस. बाबा ७१, आई ६६. आईचे गुडघे जिने बघितले की कुरकुरतात, सपाटीवर मात्र ती आमच्या पुढे असते. ती पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही.

२०१८ साली एका टूर कंपनीबरोबर रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस 'झालं'. म्हणजे बसमधून उतरा, छत्री उंच धरलेल्या मुलीमागे पळा, फोटो काढा, परत बसमध्ये. मनोऱ्याला टेकू दिल्याचा फोटो आमच्याकडेही आहे. आईला त्या अख्ख्या सहलीतलं काय आठवतं विचाराल, तर स्वच्छतागृहाला मोजलेला युरो!

यावेळचा हट्ट बाबांचा आहे. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले आणि आमचं गाव माणगाव तालुक्यात. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे आमच्याच भागातले, पळसगावचे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले, वय अवघं २२. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या त्या मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. गोळ्या संपल्यावर बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं लढले. हे बाबांकडून लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. त्याच खोऱ्यातल्या मोंतोने नावाच्या गावात २०२३ मध्ये त्यांचं स्मारक झालं. सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, आणि 'आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो' अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. बाबांना तिथे जायचंच आहे.

तर मोंतोने नक्की. त्याभोवती काय गुंफावं, इथे गाडं अडलंय. बायकोला दक्षिणेतलं माटेरा बघायचंय. नऊ दिवसांत दोन्ही जमेल का? गाडी भाड्यानं घ्यावी की रेल्वे पुरेल? आणि आईनं खायचं काय? पास्ता-पिझ्झा सोडून सांगा, त्याला ती तिसऱ्या दिवशी हात जोडते.

---

प्रतिसाद:

माटेरा मी पाहिलंय, म्हणून आधी तुमच्या सौंच्या बाजूनं बोलतो. डोंगरउतारात कोरलेली घरं, एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. १९५० च्या दशकात सरकारनं 'देशाची लाज' म्हणून माणसं तिथून हलवली आणि १९९३ मध्ये तीच वस्ती जागतिक वारसा यादीत गेली. संध्याकाळी समोरच्या कड्यावरून दिवे लागताना बघण्यासारखी जागा दुसरी नाही. खाणंही आपल्या वळणाचं. वाळवून तळलेल्या लाल मिरच्या मिळतात, सांडगी मिरचीची बिनतिखट बहीण म्हणा. शेजारच्या पुलियात सुक्या बाकल्याचं (वालासारखं कडधान्य) घोटलेलं पिठलं आणि वर कडसर पालेभाजी देतात. आई खूश होतील.

पण सगळं गाव म्हणजे पायऱ्या. शिवाय बारीहून जी छोटी रेल्वे जाते तिला दीड तासाच्या वर लागतो. रोमहून बारी आणि परत वर उंब्रिया (मोंतोनेचा प्रांत), यात तुमचे दोन दिवस गाडीतच जातील. या खेपेला नको. माटेरा, अल्बेरोबेल्लो, लेच्चे अशी वेगळी सहल करा.

---

प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत. तुम्हाला रस्ता आयता मिळालाय आणि तुमच्या लक्षात आलेला नाही. ई-४५ हा रस्ता पेरुजियावरून मोंतोनेच्या पायथ्यानं जाऊन थेट राव्हेन्नाला पोचतो. टोल नाही. टोल नाही म्हणून खड्डेही आहेत, पण मुंबई-गोवा महामार्ग सोसलेल्या माणगावकरांना मी काय सांगणार.

रोमहून आधी रेल्वेनं ओर्व्हिएतो. स्टेशनासमोरूनच केबलनं ओढली जाणारी गाडी वर गावात नेते, गुडघ्यांना त्रास नाही. तिथली विहीर चुकवू नका. १५२७ मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून ती खोदायला लावली. एकमेकांना कुठेही न भेटणारे दोन गोल जिने: एकानं खेचरं रिकामी उतरायची, दुसऱ्यानं पाणी घेऊन चढायची. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर पाहिली असेल तर तिथे दोन तास जातील. पायऱ्या २४८, त्यामुळे आईंनी वरूनच डोकवावं. जवळचं चिव्हिता दी बान्योरेज्जो सगळे सुचवतील, पण तो चढाचा पूल आणि फोटोवाल्यांची गर्दी. मी तरी वगळेन.

पेरुजियाला गाडी घ्या. आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच, निघण्याआधी आरटीओतून काढा. जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची चिठ्ठी महिन्यांनी घरी येते. वेशीबाहेर गाडी लावून चाला. मोंतोने टेकडीवरचं चिमुकलं गाव आहे, अर्धा दिवस भरपूर. मुक्काम खाली उंबेर्तिदेत करा. तव्यावरची जाड भाकरी मिळते तिथे, तोर्ता आल तेस्तो. चीज-भाजी भरून घ्या. पण पुढे रोमान्यात, म्हणजे राव्हेन्नाच्या भागात, पियादिना नावाची पोळी दिसेल, तिच्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, विचारूनच घ्या. आणि पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) असतं. आई कडक पाळत असतील तर आधीच सांगा, नंतर कळलं तर तुमची खैर नाही.

राव्हेन्नाला दोन रात्री तरी द्या. सगळं सपाट. बाहेरून साध्या विटांच्या इमारती आणि आत दीड हजार वर्षांपूर्वीची काचेच्या तुकड्यांची चित्रं. रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीचं छत गडद निळं आणि सोनेरी ताऱ्यांनी भरलेलं आहे. आत थोडाच वेळ थांबू देतात, म्हणून वेळ आधी घेऊन ठेवा. कवी दान्तेही इथेच पुरलाय. फ्लोरेन्सनं त्याला हाकललं आणि आता रिकामी कबर बांधून बसलेत.

बाबांसाठी अजून एक: जवळच फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि तिथेच दहन झालेल्यांचं स्मारक. मराठी नावं वाचत किती वेळ जाईल सांगता येत नाही, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

---

धागाकर्ता:

बारामोटेची विहीर बाबांना वाचून दाखवली, ओर्व्हिएतो पक्कं. बायकोनं माटेरा पुढच्या वर्षावर ढकललंय, पण लेखी कबुली घेतली आहे.

बाबांनी फोर्ली ऐकल्यावर लगेच विचारलं, 'मग सेनियो नदी कुठे आली?' नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ९ एप्रिल १९४५ ची लढाई सेनियोच्या काठी झाली. ही नदी बघता येईल का?

---

प्रतिसाद:

येईल की. राव्हेन्नाला गाडी सोडून द्या आणि बोलोन्याला लुगोवरून जाणारी साधी रेल्वे पकडा. कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका. बान्याकाव्हाल्लो स्टेशन गेलं की बाबांना खिडकीशी बसवा, लुगोच्या आधी सेनियो लागते. दोन्ही काठांना उंच बांध आहेत आणि मधे आपल्या ओढ्याएवढं पाणी. पूल काही सेकंदांत संपतो, तेव्हा आधीच सांगून ठेवा.