मदत हवी आहे: अण्णांचे विसरणे वयाचे की स्मृतिभ्रंशाची सुरुवात?

नमस्कार. माझ्या वडिलांविषयी लिहीत आहे. अण्णांचे वय ७४ आहे. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून, निवृत्त झाले असून पंचवटीत माझ्या भावाकडे राहतात. मी इंदिरानगरला राहते आणि दर रविवारी त्यांच्याकडे जाते. गेल्या सात-आठ महिन्यांत त्यांचे विसरणे वाढले आहे, आणि त्यातले किती वयाचे व किती आजाराचे हे आम्हा भावंडांना ठरवता येत नाही. म्हणून जे प्रत्यक्ष पाहिले ते जसेच्या तसे मांडते.

ज्याची मला काळजी वाटत नाही ते आधी सांगते. अण्णा चष्मा कुठे तरी ठेवतात, पण सकाळी पेपर कुठे वाचला, मग कुठे बसलो, असे आठवत आठवत मागे जातात आणि स्वतःच शोधून आणतात. शेजाऱ्यांच्या जावयाचे नाव त्यांना ऐनवेळी सुचत नाही, ते तासाभराने जेवताना आपसूक ओठांवर येते. वार चुकला तर कॅलेंडर पाहून सुधारतात. असे माझेही होते, आणि मी ४६ वर्षांची आहे. माझ्या समजुतीप्रमाणे वयाच्या विसरण्यात गोष्ट डोक्यात असते, फक्त वर यायला वेळ लागतो. आणि विसरूनही माणसाचे रोजचे व्यवहार अडत नाहीत.

परंतु अण्णांची हिशेबाची वही पाहिल्यापासून मला झोप नाही. नोकरीला लागल्यापासून ते रोजचा खर्च वहीत लिहीत आले आहेत. श्रावणापर्यंत अक्षर, रकमा आणि खालची बेरीज सारे जागच्या जागी आहे. पुढे एकाच तारखेला दुधाची नोंद तीनदा केलेली दिसते, तिसऱ्यांदा वेगळ्या शाईने. दिवाळीनंतरच्या पानांवर रकमा लिहिलेल्या आहेत, त्यांच्याखाली पट्टीने सरळ रेघ ओढलेली आहे, आणि रेघेखाली काहीच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर मोजदादीचे काम केले, त्याला बेरीज करायची आहे हे कळते आहे आणि ती होत नाही.

माघात ते गोदावरीपलीकडच्या रविवार कारंजा चौकात औषधे आणायला गेले होते. परत येताना होळकर पूल ओलांडून मालेगाव स्टँडपर्यंत बरोबर आले आणि तिथे उभे राहून एका रिक्षावाल्याला विचारू लागले की पंचवटी कारंजा कुठे आहे. पंचवटी कारंजा तिथून चालत काही मिनिटांवर आहे आणि अण्णा त्या भागात पन्नास वर्षे राहत आहेत. रिक्षावाला ओळखीचा होता म्हणून त्याने घरी आणून सोडले. घरी मात्र त्यांनी रस्ता खणलेला होता म्हणून रिक्षा केली असे सांगितले, आणि ते खोटे बोलत होते असे मला अजिबात वाटत नाही. त्यांना तसेच वाटत होते. त्यानंतर आठवड्याभरात पेन्शनचे पैसे सापडेनात, तेव्हा त्यांनी वहिनीवर संशय घेतला. पैसे उशीच्या अभ्र्यात निघाले. वहिनीने त्यांचे इतके केले आहे की तिच्या डोळ्यांतले पाणी पाहून मला लाज वाटली.

भावाचे म्हणणे असे की, १९६९ च्या गोदावरीच्या महापुरात पाणी कुठवर चढले होते आणि काठावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती कशी बुडाली होती हे जो माणूस आजही बारीकसारीक तपशिलांसह सांगतो, त्याची स्मरणशक्ती गेली असे कसे म्हणायचे. पण मी जे वाचले त्यावरून हा दिलासा खरा नाही. नव्या आठवणी साठवण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग करतो आणि अल्झायमरमध्ये हानी बहुधा तिथल्याच आसपास सुरू होते, त्यामुळे जुने पक्के राहते आणि सकाळचे पुसले जाते. विसरण्याची तक्रार अण्णा स्वतः करत नाहीत, ती आम्ही करतो आहोत, हेही मला खटकते.

तरीही मला घाईने निष्कर्षावर यायचे नाही, कारण त्यांच्या बाबतीत गुंते बरेच आहेत. स्मृतिभ्रंश हा एकच आजार नसून अनेक आजारांतून दिसणाऱ्या लक्षणांचा समूह आहे, आणि तशीच लक्षणे दाखवणाऱ्या काही कारणांवर चांगला उपचार होऊ शकतो. अण्णांना मधुमेह आहे, चौदा वर्षे ते मेटफॉर्मिन घेतात आणि पूर्ण शाकाहारी आहेत. ती गोळी आणि शाकाहार या दोन्हींमुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि ते आजवर एकदाही तपासलेले नाही. थायरॉइडही तपासलेले नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा सुरू झालेली झोपेची गोळी अजून चालूच आहे. अशा गोळ्यांनी वृद्धांना गोंधळल्यासारखे होते हे खरे, पण त्या एकदम बंद करणेही धोक्याचे असते. आई गेल्यापासून ते कमी बोलतात, त्यामुळे नैराश्याचा विचारही मनात येतो. पौषात ते न्हाणीघरात पडले होते. डोक्याला खोक पडली नाही म्हणून कोणी फार लक्ष दिले नाही, परंतु या वयात कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून काही आठवड्यांनी गोंधळ सुरू होऊ शकतो. वहीतल्या चुका पडण्याच्या आधीच्या आहेत आणि मालेगाव स्टँडचा प्रसंग नंतरचा, म्हणून मी जास्तच गोंधळले आहे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी या वयात असे चालायचेच म्हणून टॉनिक लिहून दिले. मला ते पटले नाही. मी मेंदूविकारतज्ज्ञांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे.

माझी पहिली विचारणा अशी की, त्याआधी बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर या रक्ततपासण्या करून रिपोर्ट हातात घेऊन जावे, की डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबावे? पडल्याचे लक्षात घेता सीटी स्कॅनसाठी इतके दिवस थांबणे योग्य आहे का? मेंदूविकारतज्ज्ञांकडे ३० गुणांची स्मरणशक्तीची चाचणी घेतात, काही शब्द थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात, एवढे मला माहीत आहे. अण्णांचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत झाले आहे आणि उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते. ऐकू न आल्यामुळे गुण कमी पडले तर ते विस्मरणात धरले जातील, अशी मला भीती आहे. ज्यांच्या घरी ही चाचणी मराठीतून झाली आहे त्यांनी अनुभव कृपया सांगावा. नाशिकमध्ये वृद्धांच्या स्मृतीची तपासणी सवडीने, घाई न करता कुठे होते, हेही हवे आहे.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. तपासणीचे नाव काढताच अण्णा म्हणतात, "मला काय वेड लागलंय का?" साखरेच्या तपासणीला जायचे आहे असे सांगून नेण्याचा भावाचा विचार आहे. अण्णांशी खोटे बोलणे मला जमणार नाही, पण खरे सांगितले तर ते येणार नाहीत, असेही वाटते. ती वही मी सोबत नेणार आहे. डॉक्टरांना ती अण्णांसमोर दाखवावी, की त्यांना बाहेर बसवून दाखवावी? आपल्या घरात असा प्रसंग आला असेल तर आपण कसे केले, ते कृपया लिहावे.