डिश उन्हात तापते, मग रिसीव्हर गोठवून काय फायदा?

अर्धा_डेसिबल:
नमस्कार मंडळी. गेले चार महिने पत्र्याचं हॉर्न (कर्ण्यासारखा अँटेना) करून १४२० मेगाहर्ट्झवर अवकाशातल्या हायड्रोजनची रेषा बघतोय. दिसते, पण पुसट. दहा-दहा मिनिटं सरासरी काढल्याशिवाय डोकं वर काढत नाही. मोठ्या दुर्बिणींचे रिसीव्हर १५-२० केल्विनपर्यंत थंड केलेले असतात असं वाचलं आणि तिथेच अडलो. शेकडो टनांची डिश दिवसभर उन्हात भाजून निघते आणि तिच्यापुढचं काडेपेटीएवढं ॲम्प्लिफायर तेवढं गोठवायचं? मग तापलेल्या डिशचा नॉइज (उष्णतेतून येणारा रेडिओ गोंगाट, तोही केल्विनमध्येच मोजतात) जातो कुठे?

दुसरं, मला थर्मासभर लिक्विड नायट्रोजन मिळण्यासारखा आहे. एलएनए (पहिला, कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर) त्यात बुडवला तर? सध्याची जोडणी अशी: हॉर्न, पाऊण मीटर आरजी-५८ केबल, एलएनए (कागदावर नॉइज फिगर, म्हणजे तो स्वतः किती नॉइज घालतो तो आकडा, ०.५ डीबी), मग एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ).

हेलियमवाला:
दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: बुडवू नका. का ते खाली येईलच.

आता डिश. ती तापते हे खरं, पण रेडिओ लहरी ती गिळत नाही, परतवते. जी वस्तू जेवढं गिळते तेवढंच स्वतःच्या उष्णतेतलं बाहेर टाकते. ॲल्युमिनियमचा पत्रा या लहरींचा इतका नगण्य अंश गिळतो, की त्याच्या ३१० केल्विनपैकी तुमच्या वाट्याला एक केल्विनसुद्धा येत नाही. त्रास डिशचा नाही, डिशच्या कडेवरून फीडला (डिशने गोळा केलेलं झेलणाऱ्या अँटेनाला) जी जमीन दिसते तिचा. जमीन चांगली काळीकुट्ट असते, सगळं गिळते, आणि आपले २९० केल्विन फीडमध्ये ओतते.

हाच हिशोब तुमच्या केबलला लावा. पाऊण मीटर आरजी-५८ म्हणजे साधारण ०.६ डीबी लॉस धरू. म्हणजे आलेल्या सिग्नलपैकी सुमारे १३ टक्के केबलने खाल्ला, आणि खाल्ल्याबद्दल स्वतःचा ४३ केल्विन नॉइज वर घातला. त्यामागे एलएनए: ०.५ डीबी म्हणजे ३५ केल्विन, पण केबलच्या पलीकडे बसलाय म्हणून हॉर्नच्या तोंडाशी तो ४० मोजायचा. झाले ८३. आणि आभाळ? आकाशगंगेचा पट्टा सोडला तर पार्श्वप्रारण (विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेली ऊब), वातावरण वगैरे धरून तिथून दहाएक केल्विनच येतात. म्हणजे तुम्ही ऐकताय ते मुख्यतः तुमच्याच केबलचं आणि ॲम्प्लिफायरचं.

एलएनएनंतर जे काही येतं त्याचा नॉइज एलएनएच्या गेनने (तो सिग्नल जितक्या पट वाढवतो त्याने) भागला जातो. गेन हजार पट असेल तर नंतरच्या टप्प्याचे ३०० केल्विन ०.३ होतात. म्हणून थंड करायचा तो पहिला ॲम्प्लिफायर आणि त्याच्या आधीचं जे जमेल ते. बाकीचे डबे बाहेर उकडत बसले तरी चालतं.

माझी नोकरी याच डब्यांत गेली. कुठल्या दुर्बिणीवर ते राहू दे. ड्युअर (रिसीव्हरचा निर्वात डबा, मोठा थर्मासच) उघडला की आत चकचकीत मायलारचे (प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचे) पदर, त्याखाली ६०-७० केल्विनचं कवच, आणि त्याच्या पोटात १५ केल्विनच्या तांब्याच्या पट्टीवर स्क्रूने आवळलेला एलएनए. थंडावा गिफर्ड-मॅकमहॉन कोल्ड हेडचा, म्हणजे हेलियमवर चालणाऱ्या शीतयंत्राच्या थंड टोकाचा. हेलियम वायू कॉम्प्रेसरमधून दाबाखाली येतो, आत पसरतो, परत जातो. सेकंदाला साधारण एकदा 'फुस्-टक, फुस्-टक'. तो आवाज इतका अंगवळणी पडतो की बदलला तर झोपेतून जाग यावी. हेलियममध्ये जराशी हवा मिसळली तरी ती आत गोठते आणि 'टक'च्या जागी करकर ऐकू येते. मग सगळं गरम करा, हेलियम धुऊन भरा, पुन्हा थंड करा, दोन दिवस गेले. वर तो कॉम्प्रेसर काही किलोवॅट वीज खातो आणि २० केल्विनला हाती पडतात मोजके वॅट. म्हणून आत येणाऱ्या एकेका तारेचा हिशोब ठेवावा लागतो. तांब्याची जाड केबल सिग्नल छान नेते, पण बाहेरची उष्णताही तितक्याच प्रेमाने आत आणते. स्टीलची पातळ केबल उष्णता अडवते, पण सिग्नल खाते. मग स्टीलवर आतून पातळ मुलामा चढवायचा, किंवा वेव्हगाइडमध्ये (लहरी नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत) केसभर फट ठेवायची: लहर उडी मारून जाते, उष्णतेला वाट मिळत नाही.

केसावरून आठवलं. एकदा पंप रात्रभर चालवूनही व्हॅक्यूम १०⁻³ मिलिबारच्या खाली जाईना. थंड करायला सुरुवात करण्याआधी मला १०⁻⁵च्या आसपास हवं असायचं. लीक डिटेक्टर लावून प्रत्येक जोडावर हेलियम फवारत बसलो, ड्युअरच्या खिडकीच्या (जिथून लहरी आत येतात तिच्या) कडेशी काटा उडाला. खिडकी काढली तर रबरी ओ-रिंगवर आडवा पडलेला एक केस. पांढरा. तिथे पांढरे केस फक्त माझेच होते, त्यामुळे चौकशी फार लांबली नाही.

आता नायट्रोजन. उघड्यावरचा एलएनए ७७ केल्विनला नेलात तर हवेतली वाफ त्यावर गोठेल, बाहेर काढल्यावर पाणी होऊन बोर्डात शिरेल. कपॅसिटरची किंमत बदलते, सोल्डरचे जोड तडकतात, आणि सर्किटचं जे ट्यूनिंग खोलीच्या तापमानासाठी केलंय ते सरकतं. ट्रान्झिस्टर बहुतेक जगेल, भोवतालचं जगेलच असं नाही. आणि एवढं करून ती केबल तशीच गरम! पुढची ४३ केल्विनची चोरी चालूच.

केबल काढा. एलएनए हॉर्नच्या प्रोबलाच (आतल्या लहरी झेलणाऱ्या तारेलाच) थेट लावा.

मिलीमीटर:
काकांनी १.४ गिगाहर्ट्झचं सांगितलं. वर-खाली गेलं की गणित पालटतं. १५० मेगाहर्ट्झला आकाशगंगाच काही शे केल्विनने तळपत असते, तिथे रिसीव्हरचे वीस-तीस केल्विन वाचवून पदरात काही पडत नाही. पुण्याजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचे रिसीव्हर थंड केलेले नाहीत ते उगीच नाही. वर मिलीमीटर लहरींत मात्र ४ केल्विनशिवाय पान हलत नाही. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीत २३० गिगाहर्ट्झला एसआयएस मिक्सर (अतिवाहक धातूचा, लहरींची वारंवारता खाली आणणारा भाग) असतो. त्यातलं नायोबियम ९ केल्विनच्या जरा वर अतिवाहकता सोडतं, म्हणजे तिथे थंड करणं ही गरजच. आणि २३० गिगाहर्ट्झला पुंज-मर्यादाच (क्वांटम नियमांनी घातलेली नॉइजची किमान सीमा) ११ केल्विन आहे, त्याखाली असा मिक्सर जाऊ शकत नाही.

अर्धा_डेसिबल:
काका, केबल काढली. एलएनए हॉर्नच्या पाठीला, त्यावर दह्याच्या डब्याचं झाकण पावसासाठी. आधी हॉर्न जमिनीकडे मग आभाळाकडे करून पॉवर मोजली होती, फरक ५.२ डीबी. आता ७.० डीबी. जमीन २९०, आभाळ १० धरून रिसीव्हर १११ वरून ६० केल्विनवर आला. तुमचे ८३ मला कुठे दिसले नाहीत, पण तक्रार नाही. रेषा आता तीन-चार मिनिटांत वर येते!

हेलियमवाला:
बरोबरच आहे. आभाळाचे दहा मिळवून १२१ चे ७० झाले. लागणारा वेळ या गुणोत्तराच्या वर्गाने घटतो, म्हणजे जवळपास तिसऱ्या हिश्शावर. माझे ८३ हे कागदावरच्या एलएनएचे होते. तुमच्या कनेक्टरचा लॉस कागदावर छापलेला नसतो.

नायट्रोजन मिळतोच आहे तर तो मोजमापाला वापरा. शोषक फोम थर्माकोलच्या खोक्यात नायट्रोजनने भिजवा आणि हॉर्नला त्याच्याकडे बघायला लावा. ७७ केल्विन पक्के मिळतात, आभाळाचा '१०' धरावा लागत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि झाकण घट्ट लावू नका: द्रवाचा वायू होताना तो सुमारे ७०० पट फुगतो.

उरलेल्या ६० मध्ये ३५ एलएनएचे असतील. बाकीच्यासाठी हॉर्नच्या पत्र्याचे जोड बघा. रिव्हेटमध्ये फट असेल तर तिथूनही लॉस. पार्श्वप्रारण शोधून काढणाऱ्या पेन्झियस आणि विल्सन यांनी त्यांच्या हॉर्नचे जोड ॲल्युमिनियमच्या टेपने झाकले होते, कबुतरांची घाणही काढली. ४०८० मेगाहर्ट्झला आभाळाकडे बघून ६.७ केल्विन यायचे, वातावरणाचे २.३ आणि हॉर्नच्या लॉससकट बाकीचे ०.९ वजा केले तरी ३.५ उरले, आणि ते काही केल्या हटेनात; तेच ते पार्श्वप्रारण. त्यांचा मेझर (अगदी कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर) आणि तुलनेचा लोड (ठरावीक नॉइज देणारा संदर्भ), दोन्ही द्रव हेलियमने थंड केलेले होते, म्हणूनच एवढ्याशा आकड्यावर बोट ठेवता आलं. त्यांच्या ३.५ ला टेपने काही झालं नाही, तुमच्या ६० ला होईल. टेप बाहेरून नको, आतून लावा, आणि नवा आकडा इथेच टाका.